डावा हात, अनामिका

७ एप्रिल, सोमवार

दर्शनाच्या बोटांतल्या केशवाहिन्या ठीक दिसत नाहीत. डॉ. परांजपेंनी संध्याकाळी फोनवर दुजोरा दिला.

बातमी असती तर इथेच थांबले असते. दर्शना माझी धाकटी बहीण आहे, म्हणून पुढे लिहिते.

शुक्रवारी पालीला, दर्शनाच्या गावी, तपासणीचं शिबिर झालं. नखाच्या मुळाशी, कातडी जिथे नखाला टेकते तिथे, तेलाचा थेंब टाकतात आणि वर पेनाएवढा कॅमेरा धरतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्या लॅपटॉपवर दिसायला लागतात. निरोगी माणसाच्या वाहिन्या अंबाड्याच्या आकड्यांसारख्या, ओळीने उभ्या. आजार असेल तर आकडे फुगतात, वाकडे होतात, मध्ये मोकळी जागा पडते, रक्ताचे ठिपके उठतात. हे सगळं मोजण्याचं काम तेजस्वीचं सॉफ्टवेअर करतं. तेजस्वी आमच्याच आळीतली. बरीच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आली, आता घराच्या माडीवर तिचं ऑफिस आहे. तिला इथल्या माणसांच्या बोटांची चित्रं हवी होती. दर्शनाने आपल्या बचत गटातल्या बायका गोळा केल्या आणि स्वतः सगळ्यांच्या आधी बसली. वर्षभर म्हणतच होती, मासळीच्या बर्फाला हात लावला की बोटं पांढरी पडतात.

अहवालात एकच ओळ. 'डावा हात, अनामिका. नमुना संशयास्पद. तज्ज्ञांना दाखवावे.'

डॉ. परांजपे संधिवाताच्या डॉक्टर. कोल्हापूरच्या, एक शनिवार आड इथे येतात. तेजस्वीने त्यांना चित्रं पाठवली होती. म्हणाल्या, "सॉफ्टवेअर निदान करत नसतं. पण चित्रं मी स्वतः बघितली. मला ती आवडली नाहीत. घाबरू नका, वेळ मात्र काढू नका." रक्त तपासायला सांगितलंय. एकोणीस तारखेला प्रत्यक्ष बघतील.

विचारलं, काय असू शकेल? त्यांनी नाव सांगितलं. स्क्लेरोडर्मा. कातडी आखडत जाते, पुढे फुप्फुसंही.

८ एप्रिल

आईचं आठवत बसले.

आईची बोटंही आधी अशीच पांढरी व्हायची, मग जांभळी. पुढे कातडी ताणून चकचकीत झाली. नमस्कार करायची तर तळवे जुळायचे नाहीत, मध्ये फट राहायची. तोंड लहान झालं. लाडवाचा घास करून द्यावा लागायचा. शेवटी दम. संगमेश्वरच्या घरातल्या चार पायऱ्या चढली की ओटीवर बसून राहायची. डॉक्टरांनी सांधे आखडलेत म्हणून सांगितलं. आम्हीही तेच धरून चाललो.

मी तेव्हा लग्न होऊन रत्नागिरीत, वर्तमानपत्रात. दर्शना शाळेत. आईला निऱ्या घालता येईनाशा झाल्या तेव्हा दर्शना शाळेत जायच्या आधी तिला साडी नेसवायची. पिन तोंडात धरून, दप्तर पाठीला. ते मी सुट्टीत गेले की बघायचे. तिने मात्र रोज केलं.

डॉक्टरांना आईचं वर्णन सांगितलं होतं. "असू शकतं," म्हणाल्या. याहून जास्त त्यात काही नाही. लिहिताना सुद्धा 'असू शकतं' एवढंच लिहायचं.

दर्शनाने आज रक्त दिलं. अहवाल मुंबईहून येणार.

९ एप्रिल

रविवारची पुरवणी आता हरिश्चंद्र बघतो. मी निवृत्त झाले तरी आरोग्याचं पान अजून माझ्याकडे आहे. त्याचा फोन: "ताई, पालीच्या शिबिरावर सहाशे शब्द. परवा पाचपर्यंत. फोटोसकट. रत्नागिरीच्या मुलीने केलेलं सॉफ्टवेअर, छान होईल."

हो म्हटलं. बहिणीचं काही बोलले नाही.

१० एप्रिल, गुरुवार

पालीला जाऊन आले.

दर्शनाचा नवरा रितेश टेम्पो धूत होता. मला बघून पाइप टाकला. "ताई, अठ्ठावीसला मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात वेळ मिळालीय. मी नेतोच हिला. आणि काजूला हात लावायचा नाय, सांगून ठेवलंय." ओल्या काजूची पोती त्याने शेजारी भागोजींकडे देऊनही टाकली होती. हंगामाचा शेवटचा माल. दर्शना ओसरीवर रिकाम्या हातांनी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"ये गो ताई. बघ, मालकीणबाई झाले."

"बरं वाटतंय का?"

"वाटायला काय झालंय? परवापर्यंत धडधाकट होते. कागद आला नि आजारी पडले."

आत तिची मुलगी सानिका आरशापुढे उभी होती, अंगावर दर्शनाची निळी साडी. आठवीची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि ही साडी कसली नेसते? दर्शना म्हणाली, "शिकवतेय तिला. शाळेच्या कार्यक्रमाला लागेल." मग आवाज उतरवून म्हणाली, "निऱ्या येतायत आता. दुसऱ्याला नेसवायचं जमायला वेळ लागेल."

  सानिका आता तेवढीच आहे, जेवढी दर्शना तेव्हा होती.

निघताना तिने माझा हात धरला. "तुझा हात केवढा गार गो. बसमधून आलीस ना उन्हाची?"

म्हटलं, पाण्याची बाटली धरली होती.

११ एप्रिल, शुक्रवार

सहाशे शब्द सकाळीच झाले. कोरडे, नीट. बहिणीचा उल्लेख नाही. राहिली फोटोओळ.

तेजस्वीने फोटो पाठवले होते. एकात दर्शना, तिच्यामागे रांगेत गटातल्या बायका. दुसऱ्यात भागोजींची सून कमला कॅमेऱ्यापुढे हात ठेवून बसलेली. फोटोओळीत नावं 'डावीकडून' लिहायची असतात. इतकी वर्षं हे केलंय, तरी मी अजून पहिल्या माणसावर बोट ठेवून स्वतःशी म्हणते, हा डावीकडचा. तसं बोट ठेवलं, आणि ते कमलाच्या डाव्या हातावर पडलं. तो हात तिच्या मांडीवर होता, पदराखाली अर्धा झाकलेला. कॅमेऱ्याखाली उजवा हात.

दर्शनाचा फोटो पुन्हा बघितला. उजवा. तिसऱ्यात आणखी दोघी. उजवा, उजवा.

अहवाल काढला. 'डावा हात, अनामिका.'

दर्शनाला फोन केला. विचारलं, त्या दिवशी कुठला हात ठेवलास?

"उजवा. का गो?"

"डावा ठेवायला नाही सांगितला?"

"हात ठेवा म्हटलं, ठेवला. डॉक्टरकीच्या कामाला डावा हात कोण पुढं करतं? तू प्रसाद डाव्या हातात घेतेस काय?"

"आणि काजूगर कुठल्या हाताने काढतेस?"

तिने हात हवेत चालवून बघितला असावा. मग म्हणाली, "बी डाव्याने धरते. गर उजव्याने."

मार्चभर गर काढून चिकाने त्या बोटांची कातडी जळालेली असते. खोबरेल लावून लावून काम चालू ठेवतात. नखांच्या कडा काळ्या, सोललेल्या. लहानपणापासून बघतेय. तीच बोटं कॅमेऱ्याखाली गेली, आणि कागदावर लिहिलं गेलं डावा हात.

"ताई, म्हणजे मला काय नाय?"

"म्हणजे अहवालातला हात चुकलाय. एवढंच म्हणजे."

खरंच एवढंच. ती बरी आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. बोटं तर पांढरी पडतातच. आई तर होऊन गेलीच.

हरिश्चंद्रला कळवलं, शिबिराचा मजकूर या आठवड्यात देत नाही, एक गोष्ट तपासायची आहे. त्या जागी उन्हाळी लागण्यावरचा लेख पाठवला. तो दरवर्षी चालतो.

१२ एप्रिल, शनिवार

तेजस्वीच्या माडीवर गेले. फोटो पुढे ठेवले, शेजारी अहवाल. तिला सांगावं लागलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुण्यात नर्स हात धरून स्टँडवर ठेवायची," ती म्हणाली. "डावाच. माणसं उजव्या हाताने काम करतात, तिथे मार लागलेला असतो, म्हणून डावा घ्यायचा असं ठरलेलं. दोन्ही घेणं चांगलं, पण त्या दिवशी रांग मोठी होती. स्क्रीनवर 'डावा' आधीच भरलेलं असतं. मी नुसतं म्हटलं, हात ठेवा."

"आणि सगळ्यांनी उजवा ठेवला."

"मॅडम, मी रत्नागिरीची आहे. मीसुद्धा उजवाच ठेवला असता."

पालीच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अहवालावर संशयाची लाल खूण आली होती. तिला वाटलं होतं, आपण एवढ्या जणींचा आजार वेळेवर पकडला. पुढच्या महिन्यात पुण्यात हे आकडे मांडायला जाणार होती. तिने फाइल उघडली, मिनिटभर बघितली, बंद केली.

डॉ. परांजपेंना तिने माझ्यासमोरच फोन लावला. स्पीकरवर. डॉक्टर चिडल्या नाहीत, पण आवाज आखडला. "अहो, चित्रावर हात लिहिलेला नसतो. तुम्ही डावा म्हणालात, मी डावा धरून बघितलं. काजूचा चीक म्हणता? मग तसं दिसेलही. पुन्हा घ्या. दोन्ही हात घ्या. आणि त्या बाईंना अजून काही सांगू नका, ना हो, ना नाही."

उठताना म्हटलं, "मला हे लिहावं लागेल."

"लिहा," तेजस्वी म्हणाली. "फक्त आधी सगळ्या बायकांना मी फोन करते. त्यांनी पेपरात वाचायला नको."

या मुलीबद्दल माझं मत चांगलं होतं, ते आणखी चांगलं झालं.

१३ एप्रिल

दर्शनाचे चार फोन. चारही वेळा दुसरंच काहीतरी विचारलं. हळदीचा भाव, बसची वेळ. मीही तेवढीच उत्तरं दिली.

१५ एप्रिल

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. राजाभाऊंना हाक मारली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण सगळं गाव नवऱ्याला राजाभाऊ म्हणतं, तसं मीही.

"काल पण मीच उघडली," ते म्हणाले. "तुमच्या हातात फक्त लोकांच्या चुका काढायचं बळ उरलंय."

"तेवढं पुरतं."

झाकण उघडून दिलं, एक फोड स्वतः उचलली आणि गेले.

रक्ताचा अहवाल अजून नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

पालीला पुन्हा तपासणी. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, पंख्याखाली. मी तेजस्वीबरोबर गेले. बातमीसाठी, असं स्वतःला सांगितलं.

तेजस्वीने बायकांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. चूक माझी, पुन्हा घेते, दोन्ही हात घेते, डावा आधी.  तिला फार सांभाळून उभं राहावं लागलं असेल.

मग कमला म्हणाली, "दहा दिस सासू मला आयतं ताट देत व्हती. आता बरी निघाले तर परत भांडी घासायला लावंल. त्यापेक्षा उजवाच घे बाय."

सभागृह हसलं. तेजस्वीही हसली, मग नाक पुसलं.

डावा हात पुढे करताना मात्र बायका अवघडत होत्या. एक म्हातारी डावा हात स्टँडवर ठेवून उजव्याने तेजस्वीला नमस्कार करून मोकळी झाली.

सुरुवातीला कॅमेरा नीट लावायला तेजस्वीला काजूला न लागलेला हात हवा होता. माझा घेतला. दर्शना म्हणाली, "ताईचा घे. हिने जन्मात लेखणीशिवाय काय धरलं नाय." अंगठी काढायला सांगितलं, ती निघेना. साबण लावला तरी नाही. वय झालं की बोटं जाड होतात. तशीच बसले. तेल, कॅमेरा, डावा हात. मी बायकांकडे तोंड करून होते, गप्पा चालल्या होत्या. तेजस्वी म्हणाली, कॅमेरा लागलेला दिसत नाही, उजवाही देता का? दिला. पुन्हा डावा मागितला. तोही दिला. मग म्हणाली, राहू द्या, आता ठीक आहे, आणि दर्शनाला बसवलं.

दर्शनाचं चित्र मी मान वळवून बघितलं. आधी डावं. आकडे ओळीने उभे, बारीक, सारखे. जणू कुणी मोजून टोचलेत. मग उजवं. ठिपके, वाकडेपणा, जळाल्याच्या खुणा.

मला तेवढं वाचता येतं आता. पण मी वाचलेलं ग्राह्य नाही. परवा डॉक्टर बघतील.

१९ एप्रिल, शनिवार

दर्शनाला तो आजार नाही. डॉ. परांजपेंनी दुपारी बाराच्या सुमारास, आम्हा तिघांसमोर, तिचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं. डाव्या हाताची चित्रं निर्दोष. उजव्या हातावर चिकाच्या जखमा, त्या भरतील. रक्तातही काही नाही.

"बोटं पांढरी पडतात ती?" रितेशने विचारलं.

"काही माणसांची पडतात. थंडीला वाहिन्या जास्त घाबरतात, एवढंच. त्यापुढे काही होत नाही. बर्फाला हात लावताना मोजे घाला."

"एप्रिलात हातमोजे घालून सुरमई घेते," दर्शना म्हणाली. "मासळीबाजारात बायका रडतील हसून."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. रडली नाही. पदराने मान पुसली आणि म्हणाली, "ताई, सानिकाला खरंच कार्यक्रमाला साडी नेसायचीय. मी खोटं नव्हते बोलत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आईला नेसवायचे ना, ते मी विसरले नाय अजून. हात आपोआप चालतात."

रितेशने तिथूनच मुंबईची वेळ रद्द केली. भागोजींना फोन करून काजूची पोती परत मागितली. त्यांनी अर्धी सोलून झाली म्हणून सांगितलं. त्यावरून नवराबायकोत जुंपली. कानाला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ती इकडे येणार आहे. शेवटचे काजूगर घेऊन. "डाव्या हाताने सोलून आणते," म्हणाली.

२१ एप्रिल, सोमवार

मजकूर नव्याने लिहिला. चूक दुसऱ्या परिच्छेदात. तेजस्वीचं म्हणणं तिच्याच शब्दांत. यापुढे स्क्रीनवर कुठलाही हात आधी भरलेला नसेल, आणि तपासणारी व्यक्ती स्वतः हात धरून ठेवेल, हेही.

हरिश्चंद्र: "चूक जरा खाली न्यायची का? पहिल्यांदा कौतुक येऊ दे."

म्हटलं, चूक कबूल केली म्हणूनच कौतुक. तिथेच राहू दे.

राहू दिली. फोटोओळ दोनदा तपासली.

२२ एप्रिल

काही नाही. उकाडा. राजाभाऊ हापूसच्या पेट्या बांधायला बागेत. मी दुपारभर झोपले. दोन जिने चढून आले की हल्ली झोप येते.

२३ एप्रिल, बुधवार

सतरा तारखेला कॅमेरा ठीकच होता. तेजस्वी आज सकाळी घरी येऊन सांगून गेली. तिने चित्रं आधी डॉ. परांजपेंना दाखवली, सहा दिवस त्यातच गेले. डॉक्टरांनी दुपारी फोनवर दुजोरा दिला. डावा हात, अनामिका. उजवा हात, अनामिका. दोन्हीकडे आकडे फुगलेले, मध्ये मोकळ्या जागा. हात माझे.

उद्या सकाळी रक्त द्यायचं आहे. तीन मेला डॉक्टर प्रत्यक्ष बघतील; छातीचा फोटोही लागेल म्हणाल्या. राजाभाऊंना जेवताना सांगितलं. ते उठले, लोणच्याची बरणी उघडून माझ्याजवळ ठेवली आणि पुन्हा जेवायला बसले.

दर्शनाला अजून कळवलेलं नाही. ती रविवारी सकाळच्या गाडीने येईल. पिशवी खाली ठेवायच्या आधी माझा हात हातात घेईल.